ज्ञानूमास्तर गप्प उभे राहतात

उत्रोलीत ज्ञानूमास्तरांना मास्तर म्हणतात, ते शाळेमुळं नव्हे. शाळेची आणि त्यांची ताटातूट चौथीतच झाली, आणि नंतर दोघांनीही एकमेकांची कधी चौकशी केली नाही. हे मास्तर म्हणजे बँडमास्तर. श्री जानाई ब्रास बँड, उत्रोली, तालुका भोर. लाल कोट आणि त्याच्या खांद्यांवर सोनेरी झालर. डाव्या खांद्याची झालर उंदरांनी नेली, तेव्हापासून मास्तर प्रत्येक फोटोत उजवा खांदा पुढं काढून उभे असतात. बघणाऱ्याला वाटतं, काय हा रुबाब!

एके काळी या बँडात एकवीस माणसं होती. त्यातली दोन देवाघरी गेली, पाच नसरापूरला शेअर रिक्षा चालवतात, एक पुण्यात सिक्युरिटीला लागला (तिथंही शिट्टीच वाजवतो), आणि बाकीची डीजेपुढं नाचतात. उरले चौघं. ट्रम्पेटवर स्वतः मास्तर. क्लॅरोनेटवर गेनबा, जो तीस वर्षं मास्तरांच्या आवाजाच्या सावलीत बसून वाजवत आला; तो बरोबर वाजवतो की चूक, हे गावाला ठाऊक नव्हतं आणि खुद्द गेनबालाही नव्हतं. मोठ्या पितळी भोंग्यावर मानसिंग. त्याच्या वाट्याला आयुष्यात दोनच सूर आले, एक 'पों' आणि दुसराही 'पों', पण जरा खालचा. आणि ताशा-ड्रमवर धनाजी, ज्याला सुरू हो म्हणावं लागत नाही, फक्त थांब म्हणावं लागतं, आणि ते त्याला ऐकू येत नाही.

पाचवी राणी. ही वेल्ह्याच्या सावळारामची पांढरी घोडी. अकरा वर्षं तिनं नवरदेव पाठीवर घेतले, बारीक, जाड, रडके, प्यायलेले, आणि एकदा तर चुकून नवरदेवाचा भाऊ. सावळाराम छातीवर हात मारून सांगायचा, "राणीला लगाम लागत न्हाई, ज्ञानूमास्तर लागतो. टरंपेट वाजलं की चालती, टरंपेट थांबलं की थांबती. ब्रेक आन् ॲक्सिलेटर, दोनी मास्तरच्या तोंडात!"

मास्तरांच्या तोंडात आणखीही काही होतं, ते गेल्या उन्हाळ्यात गेलं. वरचे पुढचे दोन दात.

झालं असं. नसरापूरला एक लग्न होतं. पुढं बँड, मध्ये घोडी, मागं पप्पूचा डीजे. पप्पू उत्रोलीचाच. टेम्पोवर स्पीकरची अशी भिंत रचलेली की तिला खिडकी काढली तर दोन खोल्या भाड्यानं देता येतील. पप्पूनं अचानक बटण फिरवलं, धरणी हादरली, राणी दचकली, तिनं मान झटकली आणि ती मान थेट ट्रम्पेटच्या पुढच्या कर्ण्यावर आदळली. मागच्या टोकाला मास्तरांचं तोंड होतं.

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. मास्तरांनी दोन दात आणि तोंडभर रक्त गिळलं, ट्रम्पेट परत ओठाला लावलं आणि वरात मंडपात नेऊन सोडली. कुणाला कळलंच नाही. घरी आल्यावर बायकोला, फुलाबाईला, तेवढं कळलं, कारण मास्तर भाकरी कुस्करून खायला लागले.

तेव्हापासून मास्तर उपरणं तोंडावरून घेऊन बोलायचे. गावात कुणी म्हणालं, तंबाखू सोडल्याचा नवस आहे. कुणी म्हणालं, अजून कोरोनाला भितात. पप्पू येता-जाता म्हणायचा, "मास्तर, मुखदर्शन कवा देताय?"

भोरच्या दवाखान्यातून कवळी आणली. ती घालून मास्तरांनी घरात पहिला उंच सूर लावला. कवळी जागची सुटली आणि तोंडभर फिरायला लागली. सूर राहिला बाजूला, निघाली नुसती शिट्टी. चुलीपुढनं फुलाबाई ओरडली, "आवो, कुकर कुनी लावलाय? किती झाल्या?"

कवळी डब्यात गेली. कवळीशिवाय वाजवायचं तर ओठाला मागून आधार नाही. दहा मिनिटं जेमतेम ओठ तग धरायचा, मग ओठ ओठ राहायचा नाही, भिजलेली पुरी व्हायचा. आणि परण्या, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीला नेतात ती मिरवणूक, नाचणाऱ्यांच्या कृपेनं पाऊण तास चालते. दहा मिनिटांचा मास्तर घेऊन पाऊण तासाची मिरवणूक कशी काढणार? मास्तरांनी ठरवलं, बँड बंद. फक्त ते कुणाला सांगायचं धाडस होईना, कारण कुणीतरी "का?" विचारलं असतं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडावं लागलं असतं.

पहिला नकार द्यायचा होता भोरच्या शुभाकाकूंना. एस.टी. स्टँडमागच्या त्यांच्या सोसायटीत दर वर्षी गणपती मास्तरांच्या बँडनं यायचा. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, यजमान गेल्याला वर्ष झालेलं. मास्तर गेले तेव्हा काकू जमिनीवर बसून यजमानांच्या जुन्या तबकड्यांचे ढीग लावत होत्या. ठेवायच्या आणि द्यायच्या. द्यायचा ढीग छताला लागायचा बाकी होता.

"या मास्तर. तुमच्या जातभाईचीच तबकडी हातात आहे बघा," काकू म्हणाल्या आणि एक कव्हर पुढं केलं.

कव्हरावर एक कोटवाला काळा माणूस. ट्रम्पेट छातीशी धरलेलं, मान खाली घातलेली, डोळे मिटलेले. देवळात उभा राहावा तसा उभा.

"वाजवत का न्हाई हा?"

"ऐका म्हणजे कळेल." काकूंनी तबकडी लावली.

सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवली. तोवर मास्तरांना काही नवल वाटलं नाही. मग तो ट्रम्पेटवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय. आणि मग गप्प झाला. दुसराच कुणीतरी वाकडी पिपाणी घेऊन सुरू झाला. त्याचं झाल्यावर पेटीसारखं काहीतरी, मग पोटातून गुरगुरणारी एक भलीमोठी सारंगी. ड्रमवाला मागं भाताला कढ आल्यासारखा चुळबुळत होता.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"ह्यो कुठं गेला?"

"कोण?"

"मास्तर ह्यांचा. चार मिन्टं झाली. लगवीला गेला का काय?"

काकू हसल्या. "तिथंच उभा असणार. ही पद्धतच आहे त्यांची. प्रत्येकाची पाळी येते. बाकीच्यांनी तोवर ऐकायचं."

सहा मिनिटांनी ट्रम्पेट परत आलं, पुन्हा सगळ्यांनी मिळून पहिली चाल वाजवली आणि तबकडी संपली. मास्तरांनी हिशेब केला. नऊ मिनिटांत या माणसानं तीन मिनिटं वाजवलं. आणि कव्हरावर फोटो याचाच.

"नाव बी ह्याचंच छापलंय व्हय?"

"सगळ्यात मोठ्या अक्षरात. ह्यांचं म्हणणं असं होतं की तो गप्प असतो तेव्हाच खरा वाजवत असतो." काकूंनी तबकडी पुसली. "ह्यांचं म्हणणं असं बरंच काही असायचं."

मास्तरांनी उपरणं सारखं केलं. तबकडीत माणसं पाच, पण मास्तरानं वाजवायचं फक्त तिसरा हिस्सा. उरलेला वेळ मान खाली घालून उभं राहायचं, म्हणजे तोंडही कुणाला दिसायचं नाही. देव दात घेतो तेव्हा असा मार्ग देतो, असं त्यांना वाटलं. "काकू, गनपतीचं मागनं बोलू," ते म्हणाले. "ह्यो फोटू तेवढा न्हेऊ का?"

बंद करायचं ते राहिलं बाजूला, मास्तरांनी उलट लग्न घेतलं. हल्ली लग्नात जुनं मागायची टूम निघाली आहे. नऊवारी, बैलगाडी, मातीची गाडगी आणि ज्ञानूमास्तर. नवरी उत्रोलीची श्रावणी, नवरा पालीचा विराज. हा विराज राजगडाखाली ट्रेकरांचे तंबू लावतो आणि स्वतःच्या प्रत्येक हालचालीचा व्हिडिओ काढतो. त्याला बँड हवा होता. त्याच्या वडिलांना डीजे हवा होता. तडजोड निघाली: परण्याला बँड, पण पप्पूचा टेम्पो मंडपाशी तयार उभा राहील. बँड मध्येच पडला, की पप्पू बटण दाबणार.

"मास्तर पडत्यात का बघू," पप्पू पारावर म्हणाला. "एकदा पडलं की संपलं. परत बँडला कोन इचारनार? घंटा?"

तालीम दुपारी गेनबाच्या खळ्यावर. मास्तरांनी कव्हर गंजीला टेकवून ठेवलं आणि समजावलं, "भजनात कसं, एकानं अभंग धरायचा, मग एकेकानं आपापली तान घ्यायची. तसंच. आदी आपन समदी. मग म्या. मग गेनबा एकटा."

गेनबाच्या हातून क्लॅरोनेट पडायचं राहिलं. "एकटा? मास्तर, म्या तुमचं काय वाईट केलंय?"

"आरं, वाजवायचंच हाय."

"पर लोकांना ऐकू यील की!"

मानसिंगला अडचण वेगळी होती. "माजी पाळी आली की म्या काय वाजवू?"

"जे रोज वाजवतोस ते."

मानसिंगनं वाजवलं. पों. खालचा पों. पों. सगळे वाट बघत राहिले. "झालं," मानसिंग म्हणाला. धनाजीची पाळी मात्र दुपारी तीनला सुरू झाली आणि दूध घालायची वेळ झाली म्हणून थांबली.

आणि मास्तर? ते कव्हरातल्या माणसासारखे उभे राहायचा सराव करत होते. ट्रम्पेट छातीशी, मान खाली, डोळे मिटलेले, पाय जमिनीत रोवलेले. फुलाबाई चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली आणि हळूच गेनबाला म्हणाली, "ह्यांना बरं न्हाई का?"

तालमीला सगळे होते. राणीला तेवढं कुणी बोलावलं नव्हतं.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेअकराला शाळेपासून परण्या निघाला. राणीवर विराज, डोक्याला फेटा, हातात काठीला लावलेला मोबाईल. लगामाशी सावळाराम. पुढं दोन्ही कडांनी तिघं, आणि मधोमध, घोडीकडं तोंड करून उलटं चालत, ज्ञानूमास्तर. सगळ्यांनी मिळून चाल धरली. राणी चालायला लागली. मास्तरांनी एकट्यानं वाजवलं, छान वाजवलं. ओठ जडावायच्या आत त्यांनी गेनबाला मान हलवली, ट्रम्पेट छातीशी घेतलं, मान खाली घातली आणि उभे राहिले.

गेनबा सुरू झाला. आणि राणी थांबली.

गिरणीच्या दारात. आता गावची रीत अशी की परण्याची घोडी ज्या दारात थांबेल, त्या घरानं तिच्या पायावर पाणी घालायचं आणि नवरदेवाला ओवाळायचं. घोडी कशी थांबली, का थांबली, हे कुणी विचारत नाही. गिरणीवाल्याची बायको पिठानं पांढरीफटक, तशीच ताट आणायला पळाली. तिला निरांजन सापडेना, ते सापडलं तर वात सापडेना. आठ मिनिटं गेली. मास्तरांनी घाईनं ट्रम्पेट लावून राणीला हलवलं. उशीर भरून काढायला आता एकट्यालाच वाजवत राहावं लागलं, म्हणजे मिळालेला विसावा वायाच गेला.

दुसऱ्यांदा मानसिंगच्या पाळीला. पों, खालचा पों, आणि राणी दुकानाच्या दारात खांबासारखी. दुकानदारीण नटून बाहेर येईपर्यंत नवरदेवाचे वडील घामानं निथळले. "ओ मास्तर! वाजवा की! ही घोडी हाय का एस.टी.? दर ठेसनाला थांबायला?"

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. ओठाला मुंग्या आलेल्या. बारा वाजून गेलेले, मारुती अजून दोन आळ्या लांब. ओठाला दम खायला दिलाच पाहिजे होता, म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी गेनबाला खूण केली आणि उभे राहिले.

राणी थांबली ती बनाबाईच्या दारात. बनाबाई म्हणजे पप्पूची आई.

आत पप्पू ओटीवर चहा पीत बसला होता. त्यानं कप ठेवला, मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावून फुंकलं. फुस्स. परत फुंकलं. फुस्स. सायकलच्या ट्यूबलाही याहून बरा सूर असतो.

"मास्तर, हवा ग्येली!" पप्पू ओरडला. "आन्ना, लावू का डीजे? नुसता एक फोन!"

नवरदेवाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. बारा दहा. "पाच मिन्टं बघतो," ते म्हणाले, "न्हाईतर लाव."

लगाम धरलेल्या सावळारामचा चेहरा उतरला. डीजे लागला तर राणी काय करते, हे त्याला आणि मास्तरांच्या हिरड्यांना नीट ठाऊक होतं.

गेनबाला यातलं काही माहीत नव्हतं. तो डोळे मिटून वाजवत होता. आधी घाबरत, मग थोडं धिटाईनं, आणि आता तर त्याची म्हैस चुकल्यावर रानात हाका मारतो तसलं काहीतरी लांबलचक, वळणावळणाचं निघत होतं. तीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम. नाचणारी पोरं नाचायची थांबून ऐकायला लागली होती.

बनाबाई ताट आणि तांब्या घेऊन पायऱ्या उतरली. पंचाहत्तरीची म्हातारी, गुडघ्यांची ओरड. वाटेत मध्येच मास्तर, मान खाली घालून.

"आरं ज्ञान्या, सर की बाजूला! वाट आडवून काय हुबा ऱ्हायलाईस मारुतीवानी!"

मास्तर दोन पावलं मागं सरकले. राणी दोन पावलं पुढं आली.

बनाबाईनं ओतलेलं पाणी रस्त्यावर पडलं. "आगं, थांब की भवाने!"

मास्तरांनी मान वर केली. ट्रम्पेट तर वाजलंच नव्हतं. त्यांनी आणखी एक पाऊल मागं टाकलं. राणीनं एक पाऊल पुढं टाकलं. ते थांबले, ती थांबली. अकरा वर्षं सगळा तालुका सांगत आला की घोडी ट्रम्पेटवर चालते. घोडीला ट्रम्पेटशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्यापुढं एक लाल कोट चालत असायचा, ती त्याच्यामागं जायची. आज तो कोट दर दहा मिनिटांनी फोटोसाठी उभा राहत होता.

म्हणजे फक्त चालायचं होतं. पण मास्तरांनी घोडीकडं तोंड करून, सगळ्या गावासमोर, ट्रम्पेटशिवाय कसं चालायचं? तोंड झाकायला काय? उपरणं शाळेत राहिलेलं. त्यांनी युक्ती केली. ट्रम्पेट ओठाला लावलं, गाल फुगवले आणि न फुंकताच उलटं चालायला लागले. राणी आली मागून. चार पावलं, पाच पावलं.

"ए! नुसतं धरलंय!" पप्पू ओटीवरून उडी मारून खाली आला, मोबाईल समोर. "बघा बघा, मास्तर वाजवत न्हाई, नुसतं धरून चाललाय! फसवनूक हाय ही! आन्ना, लावू?"

सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तरांनी मनाशी म्हटलं, न वाजणारं ट्रम्पेट तोंडाला धरून चालणं, यापेक्षा दात नसलेला मास्तर बरा. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं, काखेत मारलं आणि पप्पूच्या मोबाईलकडं बघून मोठा आ वासला.

गर्दीत एकदम शांतता. गेनबा सोडून.

"आरं ज्ञान्या!" बनाबाई म्हणाली. "तुजं दात कुठं ग्येलं?"

"तुज्या पप्पूच्या डीजेनं खाल्लं, आत्या! नसरापूरला! इचार त्याला!"

बनाबाईनं वळून लेकाकडं पाहिलं. हातात तांब्या होताच. "खाल्लं? आन् मला सांगितलं न्हाई?" उरलेलं पाणी राणीच्या पायावर पडायचं ते पप्पूच्या मोबाईलवर पडलं. पोरांनी असा हंबरडा फोडला हसण्याचा की धनाजीला वाटलं आपली पाळी आली. तो सुटला.

मग परण्या खरा निघाला. मास्तर उलटं चालत, ट्रम्पेट काखेत, दोन दातांच्या फटीतून गालभर हसत, हातानं पाळ्या वाटत. गेनबा झाला की मानसिंग. पों, खालचा पों, पण आता मानसिंगनं मध्येच एक तिसराच सूर काढला आणि स्वतःच दचकला. राणी लाल कोटामागं डुलत डुलत, ना थांबली ना दचकली. विराज मोबाईलमध्ये बघून ओरडत होता, "भारी! एकदम भारी! मास्तर, थोडं डावीकडं!" मास्तर डावीकडं सरकले, राणीही सरकली, आणि नवरदेव एका पत्र्याच्या वळचणीत अडकता अडकता वाचला.

मारुतीच्या पारापाशी यायला बारा पंचवीस झाले. तेवढ्या वेळात ओठाला जीव आला होता. मास्तरांनी तिघांना खूण केली, पहिली चाल परत. ट्रम्पेट लावलं. आधी फुस्स आलं. मग खालचा, जाडसर, जरा फाटका सूर आला, आणि मग चाल आली. उंच सूर त्यांनी गेनबाला सोडून दिले. गेनबानं ते घेतले, जणू आपलेच होते. चाल संपली, परण्या संपला, नवरदेव मारुतीपुढं वाकला. गेनबा वाजवतच राहिला. शेवटी धनाजीनं, म्हणजे धनाजीनं, त्याला थांबवलं.

पप्पूचा फोन तांदळात पुरून ठेवला होता, म्हणून त्या दिवशी डीजे कुणी लावलाच नाही.

सोमवारी मास्तर भोरला शुभाकाकूंकडं गेले. उपरणं नव्हतं. काकूंनी तोंडाकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"औंदाचा गनपती चुकला. पुढल्या सालापासून येतो आमी," मास्तर म्हणाले. "चौघंच. पर पाळीपाळीनं." आणि पिशवीतून कव्हर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "ह्यो फोटू घ्या. खोटा हाय."

"खोटा कसा?"

"ह्यो मानूस आसा हुबा ऱ्हात न्हाई. चालत आसतो. फोटूवाल्यानं थांबवला आसंल."

काकूंनी कव्हर हातात घेऊन पाहिलं. "ह्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि ते कव्हर द्यायच्या ढिगात न टाकता ठेवायच्या ढिगात ठेवलं. मग आत जाऊन बशी घेऊन आल्या. "डिंकाचा लाडू घ्या मास्तर. ताजा आहे."

मास्तरांनी लाडू उचलला, बशीच्या कडेवर आपटून पाहिला. टण्ण.

"काकू," ते म्हणाले, "मऊ काय आसलं तर बघा की."